शेपटाचा पट्टा

रविवार, १ फेब्रुवारी

लेकीने ही वही पाठवली. जाड पुठ्ठ्याची, आत खूण ठेवायला रेशमी फीत. फोनवर म्हणाली, "आई, रोज काहीतरी लिहीत जा. भरली की मला दे." मी म्हटलं, अगं, मला कपडे उसवता येतात आणि शिवता येतात, लिहायला कुठे येतंय? तर म्हणे, "जशी बोलतेस तशीच लिही." म्हणजे वहीची काही धडगत नाही.

माझं दुकान घराच्या खालच्याच खोलीत आहे. नवे कपडे मी शिवत नाही. लोकांचे जुने कपडे त्यांच्या नव्या अंगाला बसवून देते, आणि लोक खातात-पितात तोवर मला कामाला तोटा नाही. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर लोकांना वर-खाली नेलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घराचे जिने चढताना छातीत कळ येऊन पडले. मागच्या वर्षीची गोष्ट. डॉक्टरांनी रक्तवाहिनीत नळी घातली, वाचले. "अंग हलतं ठेवा," म्हणाले. हे तर खुर्चीला खिळलेले. म्हणून मीच दोघांची नावं सायकल मंडळात घातली. मध्ये डिसेंबरात माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खंड पडला. आज परत गेलो.

मंडळ दर रविवारी उजाडलं की अग्निशमन केंद्राच्या फाटकापाशी जमतं. सगळ्यात पुढे कॅप्टन. ती दातांची डॉक्टर आहे, आमच्या लेकीपेक्षा थोडी मोठी, मला मावशी म्हणते आणि ह्यांना काका. सगळ्यात शेवटी जो असतो त्याला आमच्यात 'शेपूट' म्हणतात. त्याच्या अंगावर नारिंगी पट्टा, पाठीवर पंप आणि मलमपट्टीची पिशवी. शेपटाचा नियम एकच. काही झालं तरी कोणाच्या पुढे जायचं नाही. जो सगळ्यात मागे पडेल त्याच्या मागे राहायचं आणि त्याला घरी आणायचं. शेपूट पोचल्याशिवाय फेरी संपत नाही.

एरवी चिठ्ठ्या टाकून शेपूट ठरवतात. आज कॅप्टनने चिठ्ठ्या काढल्याच नाहीत, सरळ ह्यांच्या गळ्यात पट्टा घातला. मला राग आला. हृदयाच्या रोग्याच्या पाठीवर पंप? पण कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर ट्यूब पेटली. पोरगी हुशार आहे. शेपूट हळूच चालवणार, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. "काका मागे पडले" असं कोणी म्हणू शकत नाही. झाकली मूठ.

मी मग ह्यांच्या अगदी पुढे राहिले आणि मुद्दाम हळू चालवलं. मी जोरात गेले तर माझ्यामागे येताना ह्यांना दम लागेल. बाकीचे दिसेनासे झाले. कालव्याच्या दारापाशी सगळे वाट बघत बसले होते. हे आल्या आल्या खाली बसले. "दमलो बाई," म्हणाले. मलाही बसायला बरं वाटलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बेकरीवाली कोट सैल करायला घेऊन आली. तिचेही खडे मागच्या वर्षी काढले. काउंटरवर बाटलीत ठेवलेत म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मला विचारलं, "तुझे कुठेत?"

खरंच की. मला कोणी दिलेच नाहीत. वर जाऊन ह्यांना विचारलं. हे चहा पीत होते. "राहिले असतील तिथेच," म्हणाले.

"राहिले म्हणजे? माझ्या पोटातले आहेत. इतकी वर्षं पोसले मी."

"टाकून दिले असतील गं."

"बेकरीवालीचे नाही टाकले. उद्या जाऊन विचारा."

ह्यांनी कप तसाच ठेवला आणि ब्रेड आणायला म्हणून खाली गेले. ब्रेड घरात होता.

दुपारी माझ्या पँटची कंबर आत घेतली. डिसेंबरापासून दुसऱ्यांदा. सायकलीचा गुण म्हणावा तर सायकल आत्ता कुठे सुरू झाली. पथ्याचा गुण असेल. पूर्वी उपाशी राहूनसुद्धा बोटभर कमी व्हायची नाही, आणि आता बघा. गिऱ्हाईक विचारतात, काय करता? मी सांगते, खडे काढून घ्या.

रविवार, ८ फेब्रुवारी

मंडळात एक विमा एजंट आहेत, पोट पुढे, सायकल मागे. आम्ही त्यांना पंक्चरराव म्हणतो. आज त्यांनी नावाचं सार्थक केलं. तीनदा टायर बसला, आणि तिन्ही वेळा चढ लागायच्या आधी. तिसऱ्यांदा मी पाहिलं. गुपचूप वाकून अंगठ्याने हवा सोडत होते.

"काय हो, आपल्याच टायरवर उठलात?"

गडी लालबुंद. "वहिनी, जास्त भरली होती."

चढ झेपत नाही, तसं सांगायची लाज वाटते, म्हणून बिचारा टायरच्या आड लपतो. माणसाला आपली अब्रू प्यारी असते. थांबलो तेवढ्यात ह्यांनी मला केळं सोलून दिलं. निम्मंच खाल्लं. हल्ली चार घासांत पोट भरतं.

मोठी बातमी म्हणजे तलावाची फेरी. घाट चढून वर तलावापर्यंत जायचं. दरवर्षी मे महिन्यात असते, यंदा कॅप्टनने मार्चमध्येच ठेवली. "यंदा ऊन लवकर तापणार आहे, मावशी," म्हणाली. जो सायकलवर तलावापर्यंत पोचतो त्याला मंडळ पितळी घंटी देतं, हँडलला लावायची. मागच्या वर्षी फेरीच्या वेळी हे दवाखान्यात होते. कोणाच्या हँडलवर घंटी दिसली की हे बोटाने वाजवून बघतात, पोरासारखे.

डॉक्टरही मागे म्हणाले होते, हा माणूस घाट चढला तर समजा, हृदय ठणठणीत. ती घंटी ह्यांच्या हँडलला एकदा लागली की मी सुटले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही कळत नव्हतं. पण दुसरं कोणाला सांगू?

हे मागच्या जिन्यात बसून लेकीशी बोलत होते. जन्म लिफ्टच्या मोटरींशेजारी गेल्याने ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. ह्यांना वाटतं कोणाला ऐकू जात नाही. मी खाली मशीनवर होते, रीळ संपलं म्हणून मशीन थांबलेलं.

लेक म्हणाली, "बाबा, आईला सांगायला हवं. तिचा हक्क आहे."

"सांगून काय करू? डॉक्टरांनीच हात टेकलेत."

"किती दिवस म्हणाले?"

"उन्हाळा निघाला तर निघाला."

लेक रडायला लागली. हे म्हणाले, "रडू नकोस. तुझी आई खाली आहे. तिला सायकलवर मजा येतेय, जाऊ दे ना दिवस तसेच."

रीळ हातात तसंच राहिलं. म्हणजे नळीचा काही उपयोग झाला नाही. हृदय कामातून गेलंय, आणि बाप-लेक मिळून माझ्यापासून लपवताहेत. मला सायकलवर मजा येते म्हणून! गॅस पेटवायला गेले, काडी पेटेना, मग तिथेच ओट्याला टेकून रडून घेतलं. छत्तीस वर्षं ह्या माणसाच्या घोरण्याला शिव्या दिल्या मी. उन्हाळ्यानंतर घर शांत होईल आणि त्या शांततेत मी काय करू?

हे वर आले तेव्हा मी कांदा चिरत होते. डोळे का लाल ते विचारलं नाही.

ठरवलं आहे. मला कळलंय हे ह्यांना कळू द्यायचं नाही. त्यांना लपवायचं आहे ना, लपवू दे. मरणाऱ्या माणसाचा एवढा हट्ट पुरवला तर माझं काय जातंय?

शनिवार, २१ फेब्रुवारी

खडे मिळाले! हे दुपारी खिशातून औषधाची बाटली काढून म्हणाले, "घे तुझी इस्टेट. दवाखान्यात मागे कपाटात पडले होते." आत तीन खडे. दोन काळपट, एक राखाडी, त्यावर पांढरी रेघ. गुळगुळीत. मी दुकानाच्या फळीवर दोऱ्यांच्या रिळांशेजारी मांडले.

एवढंसं काम, पण छातीत किती दुखत असेल आणि तरी माझ्यासाठी दवाखान्याचे जिने चढले. काल दिवसभर माळ्यावर कानस आणि घासकागद घेऊन काहीतरी करत बसले होते. जुनी हत्यारं आवरत असतील. निघायची तयारी.

बेकरीवालीने बाटली उजेडात धरून बघितली. "माझे पिवळे आहेत, भुसभुशीत. तुझे भलतेच दगडी."

मी म्हटलं, "ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं."

रविवार, १ मार्च

आज भांडले ह्यांच्याशी. रस्त्यात.

मी हळू चालवते, कारण हे मागे. आज इतकी हळू चालवली की तोल जाऊ लागला, तरी मागून चाकाचा आवाज तेवढ्याच अंतरावर. वळून म्हटलं, "अहो, तुम्ही पुढे व्हा. आपल्या चालीने चला. मी मागून येते."

"शेपूट पुढे जात नाही."

"इथे कोण बघतंय?"

"नियम म्हणजे नियम."

"मग चिठ्ठ्या का टाकत नाहीत? दर रविवारी पट्टा तुमच्याच अंगावर का?"

"मला आवडतो नारिंगी रंग."

असा माणूस. मी थांबले तर हे थांबले. मी उतरून चालू लागले तर हेही उतरून चालू लागले. रस्त्याच्या कडेला एक बाई कपडे वाळत घालत होती, ती हसली. पोरंसुद्धा असा खेळ खेळत नाहीत. शेवटी मला एवढा थकवा आला की गवतावर आडवी झाले. बघते तर हे शेजारी बसून माझ्या बुटाची नाडी बांधताहेत.

"दमलात ना?" मी विचारलं.

"फार."

परतल्यावर कॅप्टनला एकटीला गाठलं. म्हटलं, "बाई गं, पुढच्या रविवारी पट्टा दुसऱ्या कोणाला दे. ह्यांना नको."

तिने हेल्मेट काढलं, परत घातलं. "मावशी, काकांनीच मागून घेतलाय. ते द्यायला तयार नाहीत."

"तुला माहीत आहे ना सगळं?"

मग डोळे भरून आले तिचे. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला सगळं कळतं. पण तू ह्यांना बोलू नकोस की मला कळलंय. शपथ घे."

तिने माझे दोन्ही हात धरले, शपथ घेतली. म्हणाली, "मावशी, तुम्ही फार धीराच्या आहात." मी म्हटलं, माझं काय, ज्याच्यावर बेतलंय त्याला विचार. ती काहीतरी बोलणार होती, पण मागून पंक्चरराव आले आणि राहिलं.

बुधवार, ११ मार्च

परवापासून पोटात कळ येते, पाठीपर्यंत जाते. सकाळी उलटी झाली. दुकानातला नळ सोडून ठेवला, म्हणजे आवाज वर जायला नको. ह्यांच्या जिवाला आता धक्का सोसणार नाही. खडे परत झाले असतील. घाट होऊ दे, मग बघू.

डोळे पिवळट वाटतात म्हणून दुकानातला दिवा बदलला.

शिवणकाम फार नाही घेतलं. एक केलं फक्त. शेपटाचा पट्टा ह्यांच्या खांद्यावरून सारखा घसरतो, तो उसवून ह्यांच्या मापाने परत शिवला. खांद्याला दुहेरी टीप मारली. आता नाही घसरणार.

मंगळवार, १७ मार्च

परवा घाट झाला. काल लिहायला बसले होते, पेन धरवेना. आज सगळं लिहिते, जसं झालं तसं.

सकाळी बरं वाटत होतं. पायथ्यापर्यंत सगळे बरोबर होते, पंक्चररावांचा टायर ठरल्या वेळी बसला, चहा झाला. पुढे घाटात ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. जेवण घेऊन जीप आधीच वर गेली होती. सगळे एकेक करून वळणाआड झाले. मागे मी, आणि माझ्यामागे शेपूट.

तिसऱ्या वळणावर कळ आली. अशी की हँडल सुटलं. पडले नाही, ह्यांनी कधी येऊन धरलं कळलंच नाही. कठड्याशी रस्तादुरुस्तीच्या खडीचा ढीग होता, त्याला टेकवून मला बसवलं. फोनला रेंज नव्हती. हे दोनदा वळणाच्या टोकापर्यंत जाऊन फोन उंच धरून आले. मग पट्टा काढला आणि माझ्या खांद्यावर घातला.

"हे काय?"

"गाड्यांना दिसशील. मी वरून जीप आणतो."

"अहो, तुम्ही? एवढा चढ? नको. कोणीतरी येईल खालून. शेपटाने सोडून जायचं नसतं."

"आज नियम राहू दे," म्हणाले आणि गेले.

तिथे रस्ता डोंगरावर नागमोडी जातो, त्यामुळे खाली बसून वरची सगळी वळणं दिसतात. मी मान वर करून बघत बसले. हे सीटवर बसलेच नाहीत. पेडलवर उभे राहून चढत होते. पहिल्या वळणावर वाटलं, आता उतरतील. दुसऱ्या वळणावर वाटलं, आता छाती धरतील. मी ओरडले, अहो, हळू, पण ह्यांना शेजारी बसून ऐकू येत नाही तर तिथे काय येणार? तिसरं, चौथं. कुठे थांबले नाहीत, कुठे वळून पाहिलं नाही. पोरगा जातो तसा माणूस वर गेला आणि कड्याआड झाला.

मी हसले. रिकाम्या रस्त्यावर, पोटात आग पडलेली असताना, मोठ्याने हसले. म्हटलं, हा माणूस जगतोय! ह्याच्या हृदयाला धाड भरलेली नाही. डॉक्टर चुकले, किंवा लेक चुकली, किंवा मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. इतका आनंद मला लेक झाली तेव्हा झाला असेल, नंतर नाही. अजून वीस वर्षं घोरेल. घोरू दे मेला.

मग मी काय ऐकलं होतं ते आठवू लागले.

"आईला सांगायला हवं." "उन्हाळा निघाला तर निघाला." "तिला मजा येतेय." कोणाचं नाव त्यात आलं होतं? ह्यांचं नव्हतंच आलं.

हाताला खडी लागत होती. माणूस बसला की हात चाळा करतो, तसा मी एक खडा उचलला. राखाडी, मधे पांढरी रेघ. दुसरा उचलला, त्यालाही रेघ. सगळा ढीग तसलाच होता. माझ्या फळीवरचा फक्त घासून गुळगुळीत केलेला आहे, घासकागदाने, माळ्यावर बसून.

पोट उघडून बघितलं असेल आणि परत शिवलं असेल. मला कळायला हवं होतं. उसवलेल्याला नुसतं परत शिवून कधी देतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? कापडच विरलेलं असेल तर.

पट्टा माझ्या खांद्यावर मोठा होत होता. ह्यांच्या मापाने शिवलेला. शेपूट सगळ्यात मागे पडलेल्या माणसाच्या मागे राहतं, हा नियम मी पहिल्या दिवशी ह्याच वहीत लिहिलाय. तेव्हा माझ्यापुढे सगळं मंडळ होतं आणि मागे एकटे हे.

रडू आलं नाही. राग आला. ह्यांचा, लेकीचा, कॅप्टनचा, त्या हवा सोडणाऱ्या पंक्चररावांचा. माझं मरण आणि मी सोडून सगळ्यांना आमंत्रण. मग भीती वाटली, फार वाटली. हात मांडीखाली घालून बसले. लेकीच्या घरी अजून एकदाही मुक्काम केला नाही मी, दुकान बंद राहील म्हणून.

जीप आली. थांबायच्या आधीच ह्यांनी उडी मारली आणि धावत आले. दहा पावलांवर आठवण झाली असावी. चाल मंदावली, हात छातीवर गेला.

"दमलो बाई," म्हणाले.

कपाळावर घामाचे चार थेंब. श्वास माझ्यापेक्षा बरा. मी त्या तोंडाकडे बघत राहिले. केवढा वाईट नट आहे हा माणूस, आणि सहा आठवडे मी ह्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

विचारावंसं वाटलं, आता खरं सांगा. जिभेवर आलं होतं. पण ह्यांनी माझ्या खांद्यावरचा पट्टा सारखा केला, मग पुन्हा एकदा सारखा केला. मी म्हटलं, "कोणी सांगितलं होतं एवढं धावायला? वय काय, चढ काय."

"चुकलंच," म्हणाले.

जीपमध्ये मी मागे आडवी. तलावावर सगळे उभे होते, कोणी जेवलं नव्हतं. कॅप्टनने दोन घंट्या दिल्या, एक ह्यांना, एक मला. मी सायकलवर पोचलेच नव्हते. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "शेपूट पोचलं की फेरी पूर्ण, मावशी. पट्टा तुमच्याच अंगावर आहे." बोलली आणि पाठ फिरवून पाण्याकडे बघत उभी राहिली.

शुक्रवार, २७ मार्च

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून मला सांगितलं, सूज आहे, उतरेल. मी म्हटलं, बरं.

दुखण्यावर नवी गोळी दिली आहे. तिने झोप येते. बेकरीवालीचा कोट पूर्ण केला. बाकीचे कपडे चिठ्ठ्या लावून परत पाठवते आहे. लोक म्हणतात, बरं वाटलं की घेऊन येऊ. मी हो म्हणते.

पँट आता आत घेत नाही. पिन लावते.

रविवार, ५ एप्रिल

मंडळ आता आमच्या दारातून निघतं. अग्निशमन केंद्रापाशी रस्ता खणलाय, असं कॅप्टन सांगते. कुठे खणला नाही, बेकरीवाली रोज तिथूनच येते.

आज बेकरीपर्यंत गेले. चालत गेले असते तर लवकर पोचले असते. पुढे सगळे गोगलगायीच्या गतीने, कोणी वळून बघत नाही, आणि मागे हे. माझ्या हँडलला घंटी आहे. मी वाजवली की मागून तेही वाजवतात. तेवढंच बोलणं.

बेकरीच्या पायरीपाशी आले आणि पाय पेडलवरून घसरला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही दमलात. थांबू या."

"हो. दमलो," म्हणाले.

त्याच क्षणी पुढे पंक्चररावांचा टायर बसला. आम्ही पायरीवर बसलो. हे छातीवर हात ठेवून मोठमोठे श्वास घेत होते, आता पूर्वीपेक्षा चांगलं जमतं. मी पाण्याची बाटली दिली. आधी मला पाजलं, मग उरलेलं स्वतः प्यायले. मी म्हटलं, "उन्हाळा गेला की पुन्हा घाट चढायचा. ह्या वेळी तुम्ही पट्टा घालायचा नाही."

"नाही घालणार."

"शपथ?"

ह्यांनी मान फिरवली. रस्त्यावर बघायला काही नव्हतं, तरी बराच वेळ तिकडे बघत होते. मी घंटी वाजवली तेव्हा वळले.

बाळ, वही भरली नाही. निम्मी कोरी आहे, तशीच घे. बाबांनी सगळं नीट झाकलं, मला शेवटपर्यंत काही कळलं नाही, असंच त्यांना वाटू दे. तू वाचलंस हे त्यांना सांगू नकोस. कॅप्टनलाही मी पुन्हा शपथ घातली आहे.

दुकान रिकामं करशील तेव्हा मशीन कोणालाही दे. फळीवरची बाटली मात्र टाकू नकोस. बाबांच्या देखत उचल, आणि म्हण, हे आईचे खडे, मी घेऊन जाते.